वर्गणी, हक्क आणि हजेरीपट

कामगार विम्याचा इतिहास आपल्याकडे सरकारी कृपेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मला हे मान्य नाही. आजारपणात जो भत्ता हातात पडतो तो मजुरीतून कापलेल्या आणि मजुरीवर आकारलेल्या पैशातून येतो. तो कामगाराच्या घामाचाच हिस्सा आहे.

1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. 1929 साली कायदा झाला. पण भार एकेका मालकावर पडत असल्याने बाई कामावर ठेवणेच त्याला महाग वाटावे, अशी फट त्यात राहिली. ती बुजवायची तर भार सर्वांत वाटायला हवा होता. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, 1943 साली, औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची आखणी प्रा. बी. पी. आदारकर यांच्याकडे सोपवली गेली. 1944 साली अहवाल आला, 1948 साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली.

तिचा हिशेब साधा आहे. 1 जुलै 2019 पासून ठरलेल्या दराने कामगाराचा वाटा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन टक्के. दहा हजार मजुरीवर 75 रुपये कामगाराचे, 325 मालकाचे. सगळ्यांचा पैसा एका निधीत जातो. वर्गणी मजुरीप्रमाणे, औषधोपचार गरजेप्रमाणे! उतरंडीच्या या देशात हे तत्त्व मला क्रांतिकारक वाटते.

पण हे तत्त्व हजेरीपटाच्या दाराशी अडले. 1948 च्या कायद्याने प्रथम हाती धरले ते यंत्रशक्तीवर चालणारे, वीस वा अधिक कामगारांचे, बारमाही कारखाने. शेतमजूर बाहेर राहिला. साखर कारखाने हंगामी म्हणून वगळले. म्हणजे उसाच्या फडात कोयता चालवणारा बाहेर आणि गाळपाचा हंगामी कामगारही बाहेर. कायद्यात जातीचे नाव कोठेच नाही. त्याची गरजही नव्हती. कोणी कोठे राबायचे हे गावगाड्याने आधीच ठरवून ठेवले होते.

कंत्राटदाराच्या माणसांची वर्गणी मूळ मालकाने भरावी आणि मालकाचा वाटा मजुरीतून कापू नये, अशी कलमे याच कायद्यात होती. आपल्या किती कार्यकर्त्यांनी ती फाटकावर उभे राहून वाचून दाखवली? दवाखाना मागण्याआधी हजेरीपटावर नाव मागितले पाहिजे. नाव नसेल तर वर्गणी नाही, आणि वर्गणी नसेल तर मालकापुढे पदर पसरणे तेवढे उरते.