‘बॉटल रॉकेट’ : गरज नसलेल्या चोऱ्यांची गोष्ट

मनोरुग्णालयाच्या खिडकीतून एक तरुण गाठी मारलेल्या चादरींच्या आधाराने खाली उतरतो. वास्तविक अँथनी तेथे स्वेच्छेने दाखल झालेला. सरळ दारातून निघून जायलाही त्याला कोणाची आडकाठी नसते. पण त्याचा मित्र डिग्नन याने ‘सुटके’चा बेत मोठ्या हौसेने आखलेला आहे. त्याचा विरस होऊ नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप. वेस अँडरसन या अमेरिकी दिग्दर्शकाच्या ‘बॉटल रॉकेट’ (१९९६) या पहिल्या चित्रपटाची ही सुरुवात. पुढे काय वाढून ठेवले आहे, याची कल्पना तिच्यातच येते.

दरोड्याच्या चित्रपटांत सहसा कसबी चोर, भक्कम तिजोरी आणि घड्याळाच्या काट्यावर चालणारी योजना असते. येथे योजना आहे, कसब मात्र नाही. डिग्ननने पुढील ७५ वर्षांचा आराखडाच वहीत लिहून ठेवला आहे! सराव म्हणून पहिली चोरी होते ती अँथनीच्याच घरी. टोळीतील तिसऱ्या गड्याची, बॉबची, पात्रता एवढीच की त्याच्याकडे मोटार आहे. नाकावर चिकटपट्टी लावून हे तिघे पुस्तकाचे दुकान लुटतात. पैसे भरायला दिलेली पिशवी लहान पडते, तेव्हा डिग्नन मोठ्या पिशवीची चौकशी करतो. यातील कोणावरही उपासमारीची वेळ आलेली नाही. बॉब तर सुखवस्तू घरातला. त्यांना पैशापेक्षा टोळी हवी आहे, आपल्याला कोठेतरी जायचे आहे असे वाटायला हवे आहे. हा चित्रपट हसवता हसवता अस्वस्थ करतो, तो यामुळेच.

चोरीनंतर ‘फरारी’ म्हणून हे तिघे एका मोटेलात मुक्काम ठोकतात. (पोलीस त्यांच्या मागावर असल्याचे दिसत मात्र नाही.) तेथे खोल्यांची साफसफाई करणाऱ्या पॅराग्वेच्या इनेसवर अँथनीचे मन जडते. तिला इंग्रजी येत नाही, त्याला स्पॅनिश. प्रेमाची बोलणी भांडी घासणाऱ्या मुलाच्या दुभाषेपणातून चालतात. ल्युमी काव्हाझोस आणि ल्यूक विल्सन यांनी हा भाग विलक्षण हळुवारपणे रंगविला आहे. मुख्य कथानक येथे रेंगाळते हे खरे, पण ते रेंगाळणे सुखद आहे.

अखेर श्री. हेन्री (जेम्स कान) या मुरब्बी चोराच्या छत्राखाली एका शीतगृहावर दरोडा पडतो. पिवळे गणवेश, वॉकीटॉकी असा सगळा जामानिमा. प्रत्यक्षात कामगार जेवणाहून परततात, एका साथीदाराच्या छातीत कळ येते, आणि तिजोरी फोडायला आणलेला वयस्क कुमार ऐन वेळी हातची कला गेल्याचे सांगतो. ती होती तरी कधी, असा डिग्ननला प्रश्न पडतो. तरीही अडकलेल्या साथीदारासाठी परत आत जातो तो डिग्ननच. तोवर हास्यास्पद वाटणाऱ्या या पोराची उंची त्या क्षणी एकदम वाढते. ओवेन विल्सनने ही भूमिका इतक्या गंभीरपणे केली आहे की विनोदासाठी वेगळे काही करण्याची त्याला गरजच पडत नाही.

अँडरसन आणि ओवेन विल्सन यांची ओळख ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठातली. दोघांनी मिळून लिहिलेल्या कथेवर आधी १३ मिनिटांचा कृष्णधवल लघुपट झाला. तो पाहून जेम्स एल. ब्रुक्स यांनी पाठबळ दिले, आणि हॉलिवूडच्या मानाने तुटपुंज्या, सुमारे ५० ते ७० लाख डॉलरच्या खर्चात पूर्ण लांबीचा चित्रपट उभा राहिला. विल्सन घराण्यातील तिन्ही भाऊ त्यात आहेत. चाचणी खेळांतून प्रेक्षक उठून गेले. सनडान्स महोत्सवाने चित्रपट नाकारला. अमेरिकेतील तिकीटविक्री सहा लाख डॉलरपर्यंतही पोहोचली नाही. बाटलीत काडी उभी करून उडवायचे रॉकेट फुसके निघावे, तसे झाले. पुढे मार्टिन स्कोर्सेसी यांनी १९९० च्या दशकातील आपल्या आवडत्या दहा चित्रपटांत त्याची गणना केली, तेव्हा अनेकांनी तो नव्याने शोधून पाहिला.

तिजोरी न उघडणारा कुमार साकारणारे कुमार पल्लाना मूळचे इंदूरचे. १९१८ मध्ये जन्मलेला हा माणूस काठ्यांवर थाळ्या फिरविण्याचे खेळ करीत अमेरिकेत स्थिरावला. डलासमधील त्यांच्या कॅफेत अँडरसन-विल्सन मंडळींची बैठक असे, तेथूनच ते पडद्यावर आले. ‘रशमोर’ व ‘द रॉयल टेननबॉम्स’ या अँडरसनच्या पुढील चित्रपटांतही ते होते. २०१३ मध्ये वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘द टर्मिनल’मध्ये (२००४) विमानतळावरचा सफाई कामगार गुप्ता टॉम हँक्सच्या टेबलाशी थाळ्या फिरवून दाखवतो, तो गुप्ता म्हणजे हेच पल्लाना.