पंचाच्या मागचा कॅमेरा

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत ऑफसाईडचा वाद शेवटच्या शिट्टीबरोबर मिटत नाही. शाहू स्टेडियमवरून तो निवृत्ती चौकात येतो आणि पुढच्या मॅचपर्यंत धुमसत राहतो. त्यातून समोर मंगळवार पेठेचा पाटाकडील संघ असला, तर पंचांचा एक निर्णय अख्ख्या पेठेच्या जिव्हारी लागतो. हल्ली प्रत्येकाच्या मोबाईलवर रिप्ले असतो, त्यामुळे ‘आपल्याकडंबी व्हीएआर पाहिजे’ हे वाक्य ठरलेलं. मागणी रास्त आहे. पण व्हिडिओ पाहून पंचांना मदत करणाऱ्या या यंत्रणेचं कूळ आधी पाहायला हवं.

1986 च्या विश्वचषकात मॅराडोनाने हाताने केलेला गोल जगाने टीव्हीवर पाहिला. पंच अली बेन नासेर यांना मात्र तो हात दिसला नाही. तरीही नियम ठरवणारी ‘इफाब’ कॅमेऱ्याला दाद देईना. 2010 च्या विश्वचषकात इंग्लंडच्या लॅम्पार्डचा फटका जर्मनीच्या गोलरेषेच्या चांगला आत पडला, गोल मिळाला नाही, तेव्हा कुठे विरोध ढिला झाला. 2012 मध्ये गोलरेषा तंत्रज्ञान मंजूर झालं. चेंडू पूर्ण पलीकडे गेला की नाही, एवढाच त्याचा प्रश्न, आणि उत्तर थेट पंचांच्या घड्याळावर.

त्याच सुमारास डच फुटबॉल संघटना पुढचा प्रयोग करत होती: पंचांच्या मदतीला पडद्यासमोर बसलेला दुसरा पंच. 2016 मध्ये चाचण्यांना परवानगी मिळाली, मार्च 2018 मध्ये व्हीएआर नियमांत आला. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि कार्ड दाखवताना झालेली खेळाडूची अदलाबदल, या चारच बाबी तेव्हा त्याच्या कक्षेत होत्या. तिथेही चूक ढळढळीत असेल तरच हस्तक्षेप.

दुखणं इथेच आहे. गोलरेषेवर मोजमाप चालतं, पण धक्का किती जोराचा होता, हात मुद्दाम लावला का, हे माणसालाच ठरवावं लागतं. चूक मैदानातून खोलीत गेली, एवढंच. 2023 मध्ये लिव्हरपूलच्या लुईस दियासचा टॉटनहॅमविरुद्धचा वैध गोल असाच गेला. मैदानावर ऑफसाईड दिलं होतं; खोलीतल्या पंचांना वाटलं गोल दिलाय, म्हणून त्यांनी ‘तपासणी पूर्ण’ कळवलं.

ऑफसाईडच्या मोजमापालाही मर्यादा आहे. सेकंदाला 50 चित्रं घेणारा कॅमेरा धरा. सेकंदाला 8 मीटर धावणारा फॉरवर्ड दोन चित्रांच्या मधे 16 सेंटिमीटर सरकतो. मग बोटभर फरकाने गोल रद्द करणं कसं पटावं? 2022 च्या विश्वचषकात चेंडूतच सेन्सर बसवावा लागला, तो यासाठीच. आणि तिकीट काढून आलेला माणूस या सगळ्यात कित्येक मिनिटं ताटकळतो, काय तपासलं जातंय हे त्याला कळतही नाही. मला हा दोष सगळ्यांत मोठा वाटतो.

महाराष्ट्रात व्हीएआर 2022 च्या महिला आशियाई चषकात उपांत्यपूर्व फेरीपासून, नवी मुंबईत आणि पुण्यात दिसला. पेठांच्या फुटबॉलला त्याचा खर्च झेपणारा नाही. त्यापेक्षा फिफाने 2024 मध्ये मुलींच्या विश्वचषकांत आजमावलेला ‘फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट’ आपल्याला जवळचा आहे. वेगळी खोली नाही, कॅमेरे मोजके. प्रशिक्षकाने दाद मागायची, मॅचमध्ये दोनदा. म्हणणं खरं ठरलं तर संधी शाबूत. पंच स्वतः रिप्ले पाहून निर्णय देतात. कोल्हापुरात सुरुवात करायची तर दोन्ही गोलरेषांवर एकेक कॅमेरा लावून करावी, आणि पंचांच्या हाती माईक द्यावा, म्हणजे निर्णयामागचं कारण गॅलरीतल्या शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू जाईल.