नांगर विकत घेणार कोण?

आपल्या माधव नगरातल्या बऱ्याच घरांतली मुलं आज पुण्या-बंगळूरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत आहेत. त्यांतल्या एखाद्याला हुद्दा विचारला तर 'प्रॉडक्ट मॅनेजर' असं उत्तर येतं, आणि आजी-आजोबांना त्यातून फारसं उमगत नाही. काय बनवायचं, कुणासाठी, किती किमतीला, आणि काय मुळीच बनवायचं नाही, हे ठरवणारा तो माणूस. मराठी मुलुखात हे काम शंभर वर्षांपूर्वीच झालं आहे, नाव मात्र वेगळं होतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईला जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेले, तर रंगच नीट ओळखता येत नाहीत असं निघालं. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. पुढे नोकरी सोडून बेळगावी आले. तिथे थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह सायकलींचं दुकान होतंच. त्यानंतर कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर.

नांगर चांगला होता. माती उलटी करी, हरळी मुळासकट उपटी. पण घेणारा कुणी नव्हता. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली! ही गोष्ट आपण नेहमी चिकाटीची म्हणून सांगतो. मला ती तेवढीच वाटत नाही. नुसती चिकाटी धरून न खपणारा माल कोठारात साचत जातो.

जरा शेतकऱ्याच्या बाजूने पाहा. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई, मोडला तर तोच दुरुस्त करी, आणि मोबदला म्हणून बलुत्याचं धान्य नेई. रोख पैसा लागत नसे. लोखंडी नांगराला रोकड मोजायची, आणि ऐन नांगरणीत फाळ झिजला तर नवा कुठून आणायचा? शेतकऱ्याचं 'नको' म्हणणं मूर्खपणाचं नव्हतं. म्हणूनच अशा मालाला सुटे भाग आणि त्याची माहिती घरोघर पोचणं यांचं मोल नांगराइतकंच असतं.

दरम्यान बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ माळरान दिलं, आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात बाहेरचं लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडांवरच्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. (शिंद्यांच्या राज्यात वाढलेल्या आपल्या पूर्वजांना तोफेचं हे रूप पाहून काय वाटलं असतं, कोण जाणे.)

१९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. मूळ हेतू साधा: कारखान्याची, मालाची बातमी गिऱ्हाइकांपर्यंत जावी. पण शंकररावांना मालाखेरीज वाचकही दिसू लागले, आणि त्या बातमीपत्राचं मासिक झालं. पुढे १९३० मध्ये 'स्त्री', १९३४ मध्ये 'मनोहर'. नांगराच्या कारखान्याने मराठी घरांतल्या बायकांना स्वतंत्र मासिक द्यावं, हे आजच्या कुठल्याही कंपनीच्या नियोजनात बसणार नाही. उज्जैन-इंदूरच्या जुन्या घरांच्या माळ्यावर त्या अंकांचे गठ्ठे अजून निघतील.

नांगरावर मात्र हे घराणं थांबलं नाही. उसाचे चरक झाले, पंप झाले, १९४६ मध्ये पुण्याला ऑइल इंजिनांचा स्वतंत्र कारखाना झाला. जमीन नांगरून झाल्यावर शेतकऱ्याला पुढे लागतं ते पाणी, हा क्रम त्यांनी नेमका ओळखला. त्याच घराण्याचा पंपांचा एक कारखाना इथून तासाभराच्या अंतरावर, देवासला आहे. माळव्याच्या काळ्या रानात विहिरीवर चालणाऱ्या पंपांवर ते नाव सहज दिसतं.