वेदीजवळचें हातपुसणें

पॅरिशचा इतिहास लिहावयाचा म्हणजे कोनशिला केव्हां बसली, मनोरा केव्हां उभा राहिला, कोणते धर्मगुरु केव्हां आले व केव्हां गेले, घंटा कोणाच्या देणगींतून आली, याची हकीकत द्यावयाची असा ज्युबिलीच्या पुस्तिकांचा रिवाज आहे. ती हकीकत या पुस्तिकेंत इतरत्र आलीच आहे. आम्ही येथें एका हातभर फडक्याविषयीं लिहिणार आहों. पवित्र मिस्सेंत अर्पणविधि आटोपल्यावर धर्मगुरु वेदीच्या कडेला वळून हात धुतात, आणि सेवकानें पुढें केलेल्या ज्या लहानशा वस्त्रास ते पुसतात, तें हें फडकें. कित्येक वर्षें आम्हीं तें दर रविवारीं पाहिलें आणि एकदाहि त्याकडे लक्ष दिलें नाहीं.

लक्ष गेलें तें ज्युबिलीसाठीं सॅक्रिस्टी झाडतांना. जुन्या लाकडी कपाटाच्या खालच्या खणांत अशीं बारा फडकीं निघालीं. यंत्रावर विणलेला नवा संच आधींच आणवून झाला होता. तेव्हां आम्हीं तीं खुशाल चिंध्यांच्या ढिगांत टाकलीं. फुलांची आरास करावयास आलेल्या एका वृद्ध बाईंनीं त्यांतलें एक उचललें, उजेडाकडे धरलें आणि त्या म्हणाल्या, "पोरांनो, हा काठ माझ्या आयच्या लुगड्याचा आहे." फडक्याच्या दोन्ही टोकांस तांबड्या चौकड्यांची बोटभर पट्टी शिवलेली होती. ढीग तेथेंच राहिला, आणि आम्ही या विषयाच्या मागें लागलों.

हात धुण्याचा विधि फार जुना आहे. चौथ्या शतकांत येरुशलेमचे बिशप संत सिरिल यांनीं नवदीक्षितांस जे उपदेश केले त्यांत तो आला आहे. डीकन पाणी देतो तें अंगाचा मळ घालविण्यास नव्हे, कारण मळक्या अंगानें कोणी मंदिरांत आलेलाच नसतो. अंतःकरण पापापासून निर्मळ असावें याची ती खूण आहे, असें ते समजावून देतात. १५७० च्या मिस्सा-ग्रंथाप्रमाणें धर्मगुरु या वेळीं स्तोत्र २५ (हिब्रू गणनेनें २६) मधील हात धुण्याविषयींचीं वचनें म्हणत, व त्यांतील पहिल्या लॅटिन शब्दावरून विधीस 'लवाबो' हें नांव पडलें. १९७० च्या मिस्सा-ग्रंथांत तीं वचनें जाऊन स्तोत्र ५१ मधील एक वचन आलें. पाणी व फडकें मात्र राहिलें.

वेदीवरील इतर वस्त्रांचे नियम पूर्वीं फार कडक असत. ज्यावर होस्तिया व प्याला ठेवितात तो चौकोनी कॉर्पोरल, प्याल्यावरचें झांकण आणि वेदीवर अंथरावयाच्या तीन चादरी, हीं सर्व लिननचीं किंवा भांगेच्या झाडाच्या धाग्याचीं असलीं पाहिजेत, सुती चालणार नाहींत, असें रोमहून १८१९ सालीं बजावण्यांत आलें होतें. प्रभूचें शरीर ज्या वस्त्रांत गुंडाळून कबरेंत ठेविलें तीं लिननचीं होतीं, हें त्यामागील कारण. आमच्या मराठी शास्त्रांत त्यांस तागाचीं वस्त्रें म्हटलें आहे, आणि तें वाचून गोणपाट डोळ्यांपुढें येतें! खरें पाहतां लिनन निघतें तें जवसाच्या देठांतून. जवस आमच्या शेतकऱ्यांस परका नाहीं. पण येथें तो तेलासाठीं व चटणीसाठीं पेरितात, धाग्यासाठीं नव्हे. म्हणून वेदीचें कापड आयर्लंड, बेल्जम अशा दूरदेशांहून यावें लागे, आणि तें महाग पडे. आतां तो नियम सैल झाला आहे; पण ज्या काळीं तो होता त्या काळीं लिननचा चार बोटांचा तुकडाहि कोणी फेंकून देत नसे.

ही अडचण केवळ आमच्याच देशांत होती असें नाहीं. खुद्द लिननच्या माहेरीं, बेल्जममधील ओएँ नांवाच्या खेड्यांत, आन द मेऊस या वीस वर्षांच्या तरुणीनें १८४३ सालीं चर्चमधील वस्त्रें पाहिलीं, तों तीं अगदीं दुर्दशेंत होतीं. त्या एका दर्शनानें तिच्या आयुष्याची दिशा ठरली. १८४८ सालीं ब्रुसेल्स येथें गरीब चर्चना वस्त्रें पुरविणाऱ्या स्त्रियांची संघटना उभी राहिली, ती तिच्याच खटपटीनें. त्याच देशांत लिएज शहरीं १८३३ सालीं स्थापन झालेल्या क्रूसकन्या भगिनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबई इलाख्यांत आल्या. त्यांच्यासारख्या भगिनींच्या शाळांतून मुलींना शिवणकाम शिकविलें जाई. गोधडीचा धांवदोरा आमच्या आज्या-पणज्या घरींच शिकल्या होत्या. क्रोशाची लेस आणि सुतें काढून केलेली जाळी मात्र शाळेंतून घरांत आली. आमच्या खणांतील फडक्यांत हीं दोन्ही शिक्षणें एकाच कापडावर दिसतात.

कारण असें कीं, हातपुसण्यास वरील नियम लागूच नव्हते. त्याचें कापड अमुकच असावें असें बंधन नव्हतें. माप ठरलेलें नाहीं. साधारणतः १८ इंच लांब व १४ इंच रुंद असें तें करितात. त्यास आशीर्वादहि लागत नाहीं. प्याला पुसावयाच्या वस्त्राच्या मध्यभागीं लहानसा क्रूस भरतात. त्याच्याशीं घोटाळा होऊं नये म्हणून हातपुसण्यावर क्रूस भरावयाचा तर तो एका टोकाशीं भरतात, एवढाच काय तो संकेत. बाकी सगळी जागा मोकळी. आणि मोकळी जागा दिसल्यावर तेथें वेलबुट्टी काढल्यावांचून आमच्या बायका राहतील काय?

तीं बाराहि फडकीं आम्हीं धुऊन, सुकवून, एकेक पसरून पाहिलीं. अखंड कापडाचें असें एकहि नाहीं. वेदीची चादर बेतल्यावर उरलेल्या पट्ट्या, मध्यें विरलेल्या जुन्या चादरीच्या अजून धड असलेल्या कडा, कोठें शिंप्याकडील मांजरपाटाचा तुकडा, असें जें मिळालें तें जोडलें आहे. एकांत चार तुकडे असे जोडले आहेत कीं शिवणींचाच मध्यें क्रूस झाला आहे. तो मुद्दाम केला कीं सहज झाला, हें सांगवत नाहीं, पण आम्हांस तरी तो मुद्दाम केलेला वाटतो. शिवणींच्या कडा आंत दुमडून दोनदां टांके घातले आहेत, म्हणजे उलट बाजूसहि सूत सुटत नाहीं व ओल्या बोटांस कांहीं रुतत नाहीं. दुसऱ्या एकांत जोड झांकण्यासाठीं वरून लेस बसविली आहे. पाहणारास ती शोभेची वाटते, आणि ती उचलून पाहिली कीं खालीं तीन तुकड्यांची काटकसर दिसते. तुकड्यांचा आणखी एक फायदा आम्हांस ठाऊक नव्हता, तो त्या बाईंनींच सांगितला. कोरें लिनन पाणी लवकर टिपीत नाहीं. अनेकदां धुऊन मऊ झालेलें जुनें कापड एका स्पर्शांत हात कोरडे करितें. कॉर्पोरलला खळ देऊन कडक करितात. हातपुसण्यास मात्र खळ देऊं नये, ही ताकीदहि त्यांच्याकडूनच मिळाली. नवा संच मिस्सेंत वापरून पाहिला तेव्हां तिचें मर्म कळलें: पाणी बोटांवर तसेंच राहिलें.

पण सर्वांत मोठी गोष्ट निराळीच आहे. १९१७ च्या धर्मसंहितेच्या कलम १३०६ प्रमाणें कॉर्पोरल, प्याल्याचें झांकण व प्याला पुसावयाचें वस्त्र हीं मिस्सेंत वापरल्यावर, गृहस्थांच्या हातीं धुण्यास देण्यापूर्वीं, श्रेष्ठ दीक्षा मिळालेल्या व्यक्तीनें एकदां धुवावयाचीं असत, मग ती गृहस्थ व्यक्ति धर्मभगिनी कां असेना; आणि तें पहिलें पाणी सॅक्रिस्टींतील पवित्र कुंडांत किंवा अग्नींत ओतीत. त्यामागें ख्रिस्तशरीराविषयींचा आदर होता आणि आम्हांस तो समजतो. तरी त्याचा परिणाम असा होई कीं जी बाई कॉर्पोरल शिवी, तिला तो वापरला गेल्यानंतर धर्मगुरूंनीं धुतल्यावांचून हातीं घेतां येत नसे. १९८३ च्या संहितेंत तें कलम राहिलें नाहीं. हातपुसणें मात्र त्या यादींत कधींच नव्हतें. तें वेदीपासून निघे तें धर्मगुरूंच्या बोटांच्या ओलाव्यासह सरळ धुणाऱ्या बाईच्या हातीं येई. ती घरीं नेई, विहिरीवर धुई, फाटलें असेल तर नवा तुकडा लावी आणि शनिवारीं परत आणून देई. आमच्या मतें म्हणूनच लुगड्याचा काठ त्या फडक्यावर आला, इतर कशावर आला नाहीं.

दीक्षाविधींतहि असेंच एक वस्त्र आहे. नव्या धर्मगुरूंच्या हातांस बिशप तैलाभ्यंग करीत तेव्हां ते हात लिननच्या पट्टीनें बांधीत. १९६८ च्या सुधारणेनंतर बांधणें विधींत राहिलें नाहीं; तरी त्या तेलानें माखलेलें वस्त्र आईस द्यावें, आणि तिच्या मरणानंतर तें तिच्या हातांत ठेवून तिला पुरावें, ही चाल अनेक ठिकाणीं टिकून आहे. त्या वस्त्राची महती सर्वत्र सांगतात. आमच्या बारा फडक्यांची कोणी सांगितली नाहीं.

त्या बाईंच्या आईचें नांव आम्हीं पॅरिशच्या वह्यांत पाहिलें. बाप्तिस्म्याच्या वहींत तें सांपडलें, विवाहाच्या वहींत सांपडलें, मृत्यूच्या वहींतहि सांपडलें. शिवणाऱ्यांची वही कोणी ठेविली नाहीं. बारांपैकीं चार फडकीं कोणाच्या हातचीं, तें आतांपर्यंत ओळखूं आलें आहे: एक काठावरून, दोन लेसच्या नमुन्यावरून आणि एक, तें शिवणाऱ्या बाई स्वतःच हयात असल्यामुळें. उरलेलीं आठ सॅक्रिस्टीबाहेरील मेजावर मांडून ठेविलीं आहेत. ज्यांच्या घरीं वयोवृद्ध आई, मावशी किंवा आजी असेल त्यांनीं रविवारच्या मिस्सेनंतर त्यांस घेऊन यावें, व खिडकीजवळ, जेथें उजेड चांगला आहे तेथें, बसवावें.