शेपटी गमावलेला जिवाणू

१९५० च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, हॅगरमन खोऱ्यात पाळलेले ट्राउट मासे तोंड लाल होऊन मरू लागले. या रोगावर काम केलं रॉबर्ट रकर यांनी; १९७८ मध्ये जिवाणूला त्यांचंच नाव मिळालं, यर्सिनिया रकेरी. त्याआधीच, १९७६ मध्ये, अमेरिकेत लशीला परवाना मिळाला होता. मारलेल्या जिवाणूंच्या द्रावणात पिल्लं बुडवायची, एवढंच. लस अनेक वर्षं उत्तम चालली.

मग इंग्लंडमध्ये लस दिलेले मासेही आजारी पडू लागले. त्यांच्यातला जिवाणू पोहत नव्हता. त्याची शेपटी, म्हणजे कशाभिका, गेली होती. पुढे अमेरिकेत आणि युरोपात इतरत्रही असेच जिवाणू सापडले.

मी सॉफ्टवेअरवाला. दोन ठिकाणी सारखाच बिघाड दिसला, की कुणीतरी कोड कॉपी केलाय, हा माझा पहिला संशय. इथे तो खोटा ठरला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात चार वेगवेगळी उत्परिवर्तनं सापडली. म्हणजे शेपटी ठिकठिकाणी स्वतंत्रपणे गेली होती. नुसती माशांची ने-आण थांबवून हे टळलं नसतं. सगळीकडे एकाच प्रकारच्या लशीवर विसंबलो, तर तिला चुकवणारा जिवाणू बाहेरून यावा लागत नाही, तो आपल्याच तळ्यात तयार होऊ शकतो, असं मला वाटतं.