भोवऱ्याचे कूळ

इंग्रजी ‘व्होर्टेक्स’ म्हणजे भोवरा. ‘वळणे’ या अर्थाच्या ‘व्हेर्तेरे’ ह्या लॅटिन क्रियापदापासून तो आला. ‘व्हेर्टेक्स’ हे त्याचेच दुसरे रूप. पहिल्या शतकातील रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंतिलियन याने त्याचा अर्थप्रवास नोंदला आहे: प्रथम पाण्याचा भोवरा, मग केसांच्या वळणावरून माथा, त्यावरून पर्वतशिखर. मराठीतही नदीतला भोवरा आणि बाळाच्या डोक्यावरचा भोवरा एकाच नावाचे! १६४४ मध्ये देकार्तने ग्रहांनाही सूक्ष्म द्रव्याच्या भोवऱ्यांत फिरविले. १६८७ मध्ये न्यूटनने ते मत खोडून काढले. सिद्धान्त बुडाला, शब्द तरला. संस्कृत ‘आवर्त’ व ‘परिवर्तन’ हेही त्याच आद्य धातूचे वंशज. हृदयपरिवर्तनाला लॅटिनमध्ये ‘कोन्व्हेर्सिओ’ म्हणतात. तेही मुळात वळणेच.