सात छोटे भोंगे, एक लांब भोंगा



गेल्या महिन्यात एका बचत गटातून आम्हाला प्रश्न आला. गटातल्या एका ताईंच्या मुलाने घरच्या सगळ्यांसाठी मुंबई-गोवा क्रूझची तिकिटे काढली आहेत. ताई, त्यांचे यजमान, सून आणि दोन नातवंडे जाणार. ताईंनी विचारले, "बोटीवर नक्की काय काय असते? पोरांना न्यायला ठीक आहे ना?" आणि जाता जाता एक गोष्ट सांगितली. त्यांच्या सासूबाई तिकिटाचे ऐकून एकच वाक्य बोलल्या : "रामदास बोटीत काय झाले ते विसरलात का?"

आज आम्ही ताईंच्या प्रश्नाचे उत्तर देणार आहोत. पण ते सासूबाईंच्या प्रश्नाला बगल देऊन देता येत नाही. म्हणून आधी जहाजावर काय दिसते ते सांगू, मग ते तिथे कसे आले याचा इतिहास सांगू.

क्रूझ म्हणजे पाण्यावरचे हॉटेल. राहायला छोटी खोली, तिला केबिन म्हणतात. बेसिक जेवणखाण तिकिटातच असते. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर शाकाहारी आणि जैन जेवणही मिळते. थंड पेये, इंटरनेट, काही खास हॉटेलांतले जेवण यांचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे पडतात. जहाजावर रोख पैसे सहसा चालत नाहीत. खोली उघडायचे कार्डच खरेदीला वापरायचे आणि शेवटी हिशेब चुकता करायचा. म्हणून ते कार्ड मुलांच्या हाती देऊ नका. लहान मुलांसाठी खेळायची खोली असते, तिथे सांभाळायला ताई-दादा असतात. पोहण्याचा तलाव असतो. त्यावर लक्ष ठेवणारा जीवरक्षक काही जहाजांवर असतो, काहींवर नसतो. तेव्हा आपले मूल पाण्यात असेल तर आपली नजर तिथेच हवी. बऱ्याच कंपन्या सहा महिन्यांखालचे बाळ आणि २४ आठवड्यांच्या पुढची गर्भवती बाई घेत नाहीत. हे तिकीट काढायच्या आधी विचारून घ्यावे.

पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट होते. जहाजावर चढलात, सामान ठेवलेत, पोरे तलावाकडे धावायला निघाली, की भोंगा वाजतो. सात छोटे भोंगे आणि एक लांब. जगातल्या कुठल्याही प्रवासी जहाजावर धोक्याची खूण हीच. मग प्रत्येकाने ठरलेल्या जागी जमायचे, लाईफ जॅकेट कसे घालायचे ते पाहायचे आणि आपली होडी कुठली ते समजून घ्यायचे. हल्ली काही जहाजांवर ही माहिती मोबाईलवर किंवा टीव्हीवर दाखवतात, पण त्या जागी जाऊन हजेरी लावावीच लागते. पुष्कळ लोकांना याचा कंटाळा येतो. "सहलीला आलोय, शाळेत नाही," म्हणतात. ही हजेरी कुठून आली, तीच आजची गोष्ट.

समुद्रावर नुसती मौज करायला जायचे, ही कल्पना तशी नवी. आधी बोटीने जायचे ते व्यापाराला, नोकरीला, नाहीतर देश सोडून पोट भरायला. १८४४ साली पी अँड ओ या इंग्रज कंपनीने भूमध्य समुद्रात सहली काढायला सुरुवात केली. १८९१ च्या जानेवारीत आल्बर्ट बालिन या जर्मन माणसाने 'आउगुस्टा व्हिक्टोरिया' नावाचे मोठे जहाज २४१ प्रवासी घेऊन असेच फिरायला पाठवले. कारण साधे होते. हिवाळ्यात अमेरिकेला जाणारे प्रवासी कमी होत, जहाज रिकामे उभे राही. रिकाम्या जहाजाचे काय करायचे, या हिशेबातून सहल निघाली. तिकीट अर्थातच श्रीमंतांनाच परवडणारे होते.

मग आली १९१२ च्या १४ एप्रिलची रात्र. 'टायटॅनिक' हे त्या काळचे सगळ्यात मोठे जहाज. इंग्लंडहून अमेरिकेला निघाले होते. ते हिमनगाला धडकले आणि पहाटे बुडाले. जहाजावर सुमारे २२०० माणसे होती. होड्या होत्या २० आणि त्यांत जागा होती ११७८ माणसांची. म्हणजे जवळजवळ निम्म्या माणसांना होडीच नव्हती. तरीही कायदा मोडलेला नव्हता. इंग्लंडच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे १०,००० टनांवरच्या जहाजाला १६ होड्या पुरत होत्या. टायटॅनिक ४६,००० टनांचे होते. जहाजे वाढत गेली, नियम तसाच राहिला.

"बायका आणि मुले आधी," असे त्या रात्री म्हटले गेले, हे आपण ऐकलेले असते. चौकशीच्या अहवालातले आकडे पाहा. पहिल्या वर्गात १४४ बायका होत्या, त्यांतल्या १४० वाचल्या. तिसऱ्या वर्गात १६५ होत्या, वाचल्या ७६. दुसऱ्या वर्गातली २४ च्या २४ मुले वाचली. तिसऱ्या वर्गातली ७९ पैकी फक्त २७. तिसऱ्या वर्गाच्या खोल्या खाली होत्या आणि होड्या सगळ्यात वरच्या डेकवर. वाट कुठून जाते हे त्या बायकांना कुणी आधी दाखवलेले नव्हते. आणि ज्या होड्या होत्या त्याही भरल्या नाहीत. पहिली होडी ६५ माणसांची, ती २८ जणांना घेऊन खाली सोडली गेली. लोकांना धोका खरा वाटत नव्हता आणि काय करायचे याची सवय नव्हती.

जानेवारी १९१४ मध्ये लंडनला १३ देश एकत्र बसले आणि त्यांनी समुद्रावरच्या प्रवाशांच्या जिवासाठी पहिला करार केला. जितकी माणसे तितक्या जागा होड्यांत हव्यात. बिनतारी यंत्रावर रात्रंदिवस कुणीतरी हवे. पुढे महायुद्ध लागले आणि करार अंमलात यायला वेळ गेला. पण आज जे नियम आहेत त्यांची मुळे तिथे आहेत.

यानंतरही धडे संपले नाहीत. १९३४ च्या सप्टेंबरमध्ये 'मॉरो कॅसल' नावाचे सहलीचे जहाज हवानाहून न्यूयॉर्कला परत येत होते. पहाटे आग लागली. आत सुंदर लाकडी नक्षीकाम होते, चकचकीत रोगण होते, ते भराभर पेटले. १३७ माणसे गेली. पहिल्या काही होड्यांत प्रवासी थोडे आणि जहाजाचे कर्मचारीच जास्त होते. आज जहाजाच्या बोळातून चालताना जाड, आपोआप बंद होणारी दारे दिसतात. ती आग अडवायची दारे. ती उघडी राहावीत म्हणून त्यांना बॅग किंवा खुर्ची लावू नये.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. कोकणात रस्ते नव्हते तेव्हा आगबोट हीच आपली एसटी होती. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असे करत पणजीपर्यंत जायची. माणसे डेकवर पथारी टाकून झोपायची. कित्येक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. भर समुद्रात बोटीतून पडावात उतरायचे, काखेत मूल, डोक्यावर बोचके. आपल्या आज्यांनी हे केले आहे. कुटुंबाला घेऊन समुद्रप्रवास ही आपल्याकडे चैन नव्हती, गावी जायची तीच वाट होती.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आषाढी अमावास्येचा सुमार, पावसाचे दिवस. 'रामदास' बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. बोटीवर सुमारे सातशे माणसे होती. प्रवास तास-दीड तासाचा. काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटेने बोट कलली, घाबरलेली माणसे एका बाजूला लोटली आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ताच लागला नाही. मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी भरल्या होड्यांतली मासळी समुद्रात टाकली आणि हाताला लागतील तितकी माणसे वर ओढली. त्यांच्यामुळे कितीतरी जण वाचले.

बिनतारी यंत्राचा धडा जगाने १९१२ मध्येच शिकला होता. पण तो मोठ्या समुद्रातल्या मोठ्या जहाजांपुरता. आपल्या तास-दीड तासाच्या बोटीपर्यंत तो ३५ वर्षांत पोचला नव्हता. ताईंच्या सासूबाईंची भीती म्हणजे अडाणीपणा नव्हे. अलिबागपासून खालपर्यंत कितीतरी घरांत त्या दिवसाची आठवण आहे.

पुढे विमाने आली. १९५८ नंतर जेट विमाने अटलांटिक ओलांडू लागली, तेव्हा मोठ्या बोटींचे प्रवासी गेले. कंपन्यांनी पुन्हा सहलीकडे मोर्चा वळवला. १९६६ पासून अमेरिकेतल्या मायामी बंदरातून ठरावीक वाराला सहलीची जहाजे सुटू लागली. तिकिटे उतरली, नोकरदार माणसेही जाऊ लागली. १९९८ मध्ये डिस्ने कंपनीने 'डिस्ने मॅजिक' हे जहाज मुद्दाम मुलाबाळांच्या कुटुंबांसाठी बांधले. आता तर एका जहाजावर सात हजारांहून जास्त प्रवासी मावतात. आपल्याकडे २०१८ मध्ये 'आंग्रिया' मुंबई-गोवा धावू लागली, नंतर आणखी जहाजे आली.

इतके सगळे झाल्यावर आता काही होणार नाही, असे वाटले असते. पण १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे क्रूझ जहाज खडकावर आपटले. जहाजावर ४२२९ माणसे होती. त्यांत लहान मुले घेऊन आलेली कुटुंबे होती. लोकांना सांगितले गेले, की वीज गेली आहे, काळजी करू नका. जहाज सोडायचा हुकूम यायला तासाहून अधिक वेळ गेला. तोवर जहाज इतके कलले होते, की एका बाजूच्या होड्या सोडणे कठीण झाले. ३२ माणसे मेली, त्यांत पाच वर्षांची एक मुलगीही होती. कप्तान प्रवाशांच्या आधी उतरला होता. त्याला पुढे १६ वर्षांची शिक्षा झाली.

त्या संध्याकाळी नव्याने चढलेल्या कित्येक प्रवाशांची हजेरी आणि सराव झालेला नव्हता. नियम असा होता, की सराव २४ तासांच्या आत घ्या. म्हणून तो दुसऱ्या दिवसावर टाकला होता. २०१५ पासून नियम बदलला. आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणी सराव घ्यावाच लागतो. त्याच्याही थोडे आधी, २०१० मध्ये, मुलांच्या मापाच्या लाईफ जॅकेटांचा नियम पक्का झाला. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाच्या अंगातून निसटून वर येते, म्हणून प्रत्येक मुलाला त्याच्या मापाचे मिळायलाच हवे.

तेव्हा ताई, जरूर जा. नातवंडांना घेऊन जा. पण खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा दाराच्या मागचा नकाशा पाहा. खोलीपासून जमायच्या जागेपर्यंत एकदा स्वतःच्या पायांनी जिन्याने जाऊन या. धोक्याच्या वेळी लिफ्ट वापरायची नसते. मुलांच्या मापाची जॅकेटे खोलीत नसतील तर लगेच मागून घ्या, त्यात संकोच नको. पोरे खेळायच्या खोलीत असताना भोंगा वाजला तर त्यांना कोण आणि कुठे आणणार, हे तिथल्या ताईंना विचारून ठेवा. अनेक जहाजांवर मुलांच्या मनगटाला पट्टी बांधतात आणि त्यावर जमायची जागा लिहिलेली असते. ती काढू देऊ नका. आणि सासूबाईंना फोन करून सांगा, की सराव झाला.

ज्या मैत्रिणी क्रूझला जाणार नाहीत, त्यांच्यासाठीही हे तितकेच आहे. आपल्यापैकी अनेकजणी खाडी ओलांडायला, बाजाराला, देवाला, लग्नाला तरीने किंवा लाँचने जातात. १८ डिसेंबर २०२४ ला गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि पंधरा माणसे गेली. बोटीत परवान्यापेक्षा जास्त माणसे होती. त्यानंतर प्रवासी बोटींवर लाईफ जॅकेट घालण्याची सक्ती झाली. ती सक्ती टिकते का, हे आपण मागतो का यावर बरेचसे अवलंबून आहे.

बोटीत बसताना गटातल्या एकीने जॅकेट मागितले तर तांडेल हसेल. दहा जणींनी मागितले तर काढून देईल. पोराच्या मापाचे आहे का, तेही विचारा. बोट भरली असेल तर पुढच्या फेरीला थांबा. अर्धा तास जाईल, जाऊ द्या.

तुमच्या भागात बोटीवर जॅकेट मिळतात का, मुलांची वेगळी असतात का, हे गटाच्या पुढच्या बैठकीत बोला आणि आम्हाला कळवा. आलेली उत्तरे आम्ही याच कार्यक्रमात वाचून दाखवू.